मिरजकर तिकटी ते काशीने

आमच्या मंगळवार पेठेत कुणाचा युरोप ठरला, की तो त्याचा एकट्याचा राहत नाही. पेठेचा होतो. व्हिसाचा शिक्का बसायच्या आत सल्ल्यांचे शिक्के बसून पासपोर्ट भरतो. परवा आमच्या दाजींचा ठरला. इटली, १० दिवस, जोडीनं, लेकीच्या लग्नाचं कर्ज फिटल्याच्या आनंदात. दाजींनी ही बातमी मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यावर सांगितली आणि तिथंच त्यांच्या हातून इटली गेली.

पहिला प्रश्न आला तो असा : "व्हय, पण तिथं फिरणार कशानं?"

काय बघणार, पैसे किती लागणार, जेवणाचं काय, हे सगळं नंतर. कोल्हापुरात माणूस कुठं चाललाय यापेक्षा कशावरनं चाललाय हे आधी बघतात. तिकटीपासून अंबाबाईचं देऊळ ते किती लांब! पण तेवढं चालत गेलात की वाटेत तिघं थांबून विचारणार, "काय रं, गाडी बंद पडली काय?" पायी चालणं आमच्याकडं बिघाडात मोजतात. त्यामुळं अशा गावच्या माणसानं युरोपात वाहन निवडायचं म्हणजे पहिलवानानं भरतकामाचा दोरा निवडायचा. निवडेल, पण सुईकडं बघणार नाही.

गाड्यावर पहिला सल्ला अपेक्षेप्रमाणं आला : "गाडी काढा की भाड्यानं! आपण काय कुणाच्या बापाचं मिंधं हाय?" हा सल्ला देणाऱ्यानं आयुष्यात कागल नाका ओलांडून गाडी नेली असेल-नसेल, पण आवाज असा की रोमचा रिंगरोड यानंच बांधला.

आता गाडीचं खरं सांगतो. माझ्या भाच्यानं हे केलंय. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, तो वर्षभर चालतो. विमानतळावर गाडी घेतली. स्टिअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हाताला, रस्ता उजव्या बाजूचा. पहिल्या तिकटीला वळायचं म्हणून यानं दांडी ओढली तर वायपर फिरायला लागले, कारण तिथल्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी आपल्या उलट बाजूला. बाहेर कडक ऊन आणि काचेवर वायपर घासतायत. मागचा इटालियन हॉर्न वाजवतोय. भाचा म्हणतो, मामा, तेवढ्या हॉर्ननं घरच्यासारखं वाटलं बघा.

खरी गंमत पुढं. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. 'झेड टी एल' अशी पाटी असते, वर कॅमेरा असतो, आणि तिथं कुणी हवालदार उभा नसतो. हेच आपल्या माणसाला घातक. हवालदार दिसला तर आपण नियम पाळतो, किमान त्याच्याशी बोलतो तरी. कॅमेऱ्याशी काय बोलणार? भाचा हॉटेल शोधत एकाच पाटीखालून तीन वेळा गेला. सुट्टी संपली, मंडळी परत आली, फोटो दाखवून झाले, दिवाळीही झाली. मग पेठेत पोस्टमन इटलीचं पाकीट घेऊन आला. मग दुसरं. मग तिसरं. इटलीहून पत्रं येणारा पेठेतला पहिला माणूस म्हणून भाचा दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर मजकूर मराठीत करून वाचून दाखवला. तिन्ही दंडाच्या पावत्या होत्या. शिवाय आपलं नाव-गाव पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याच्या गाडीवाल्यानं कार्डावरून वेगळी फी कापून घेतली होती ती निराळीच. आपली चुगली करायचे पैसे आपल्याकडूनच! याला म्हणतात धंदा.

तरी गाडीला मी सरसकट नाही म्हणणार नाही. तोस्कानातल्या टेकड्यांवर जी गावं आहेत, द्राक्षांचे मळे, सायप्रसच्या रांगा, दगडी घरं, तिथं रेल्वे जात नाही आणि बस जाते ती शाळेच्या वेळेला. तेवढ्या दोन दिवसांपुरती गाडी घ्यावी, शहराच्या वेशीवर परत करावी. पण रोम, फ्लोरेन्स, मिलानला गाडी म्हणजे शुक्रवारी नवरात्रात महाद्वार रोडला ट्रक घालणं. व्हेनिसला तर रस्तेच नाहीत, तिथं केएमटीची बस पाण्यावर चालते.

दुसरा सल्ला आला तो आवाज खाली आणून, आपुलकीनं : "कशाला डोक्याला ताप? टूरनं जावा. बशीत बसायचं, ते उतरवतील तिथं उतरायचं. जेवायला आपलं जेवण. सोबतीला आपली माणसं."

या विषयावर मी तज्ज्ञ आहे. पहिला युरोप मी टूरच्या बसनंच केला. म्हणजे केला असं बायको म्हणते. मला आठवते ती बसची खिडकी, पुढच्या सीटची पाठ, आणि शेजारच्या काकांची बाकरवडी. दिवसाला एक देश. सकाळी उठून आधी पडद्यातून बघायचं, झेंडा कुठला आहे. बस मध्येच थांबायची, तेव्हा आम्हाला वाटायचं, आपल्या सोयीसाठी थांबली. नंतर कळलं की युरोपातला कायदाच तसा आहे. साडेचार तास गाडी हाकली की ड्रायव्हरला पाऊण तास थांबावंच लागतं, आणि तो थांबला की नाही हे गाडीतलं यंत्र नोंदवत असतं. म्हणजे आमची सगळी सहल ड्रायव्हरच्या विश्रांतीवर बेतलेली होती. तो दमला तिथं आमचं प्रेक्षणीय स्थळ. त्यात जर्मनीच्या हमरस्त्यावर लघुशंकेला एक युरो. आमच्या बसमधल्या एका मावशींनी त्याचे रुपये केले आणि थेट ऑस्ट्रियापर्यंत दम काढला.

स्वित्झर्लंडला आम्हाला युंगफ्राउयोखवर चढवलं. ३४५४ मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. डोंगराच्या पोटातून बोगदा काढून ही रेल्वे वर नेली ती १९१२ साली. त्याच साली आमच्या पेठेशेजारी खासबाग मैदान उभं राहिलं. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपवारीत रोमचं कोलोझियम बघितलं आणि मनात धरलं, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एक माणूस रोमला जातो आणि परत येऊन हजारो माणसं बसतील असा कुस्तीचा आखाडा बांधतो. आम्ही ३४५४ मीटरवर जाऊन काय केलं? वर 'बॉलिवूड' नावाचं हॉटेल निघालं. तिथं डाळ-भात खाल्ला आणि खाली आलो. बर्फ बघितला का? बघितला की, हॉटेलच्या काचेतनं.

कोलोझियमपाशी टूरवाल्यानं २० मिनिटं दिली होती. त्यातली १२ गट मोजण्यात गेली.

टूर वाईट असते असं मी म्हणत नाही. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना भाषेची धास्ती आहे, ज्यांना घरातून एकटं सोडत नाहीत, त्यांना टूर हा आधार आहे. पण ज्याचे गुडघे शाबूत आहेत आणि जो रोज पहाटे रंकाळ्याला चार फेऱ्या मारतो, तो माणूस तिथं जाऊन बसच्या पायरीला लोंबकळतो तेव्हा माझा जीव तुटतो.

विमानाचा सल्लाही आला, पण तो लगेच मिटवला. युरोपातली स्वस्त विमानं स्वस्त असतात हे खरं. तिकीट रिक्षाभाड्याएवढं, बॅगेचे पैसे तिकिटाच्या दुप्पट. आणि उतरवतात कुठं? फ्रँकफर्टच्या नावानं हान नावाच्या विमानतळावर उतरवायचे, तो फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर म्हणून साताऱ्यात उतरवल्यासारखं. पॅरिसच्या नावाचा बोव्हे विमानतळ ८० किलोमीटरच्या पुढं. विमान एक तासाचं आणि पॅरिसला पोचेपर्यंत कराड करून आल्याचा शीण.

मग वडाप निघालं. हो, युरोपात वडाप आहे! कुणाला खोटं वाटेल, पण 'ब्लाब्लाकार' म्हणून फ्रान्समध्ये २००६ पासून चालू असलेला हा प्रकार दुसरा काय आहे? कुणीतरी आपल्या गाडीतून लिऑनला चाललाय, तीन सीटा रिकाम्या आहेत, मोबाइलवर पुकारा करतो, आपण पैसे वाटून घ्यायचे आणि बसायचं. एवढाच फरक, की तिथं चौघांच्या जागी चारच बसतात आणि टपावर कोंबड्या नसतात. शिवाय किती बडबड करणार हे आधी सांगावं लागतं, नावातलं 'ब्ला ब्ला' त्याचंच. ही अट बिंदू चौकातल्या वडापला लावली तर गाडी रिकामी जाईल. आम्ही कोल्हापूरकरांनी हा धंदा जन्मभर केला, पण त्याला ॲप म्हणायचं सुचलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर रेल्वेचा विषय निघाला, तो मीच काढला. गाड्यावर शांतता पसरली. रेल्वे म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर महालक्ष्मी एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट येते. "रेल्वेनं? आणि सुट्टीला?" असं एकानं विचारलं, जणू मी दाजींना पोत्यात घालून पाठवा म्हणालो.

पण ऐका. युरोपात रेल्वेचा खरा फायदा वेग नाही. स्टेशन गावाच्या मधोमध असतं, हा आहे. गाडीतून उतरायचं, दार ओलांडायचं, समोर गाव. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून बाहेर पडलं की ज्या चर्चचं नाव स्टेशनला दिलंय ते समोर उभं. टॅक्सी नाही, रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. आणि रोम ते फ्लोरेन्स, अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर, वेगवान गाडी दीड तासात जाते. आपली कोल्हापूर-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तिला पाच तासांच्या वर लागतात. ढोल-ताशे मात्र आपल्याकडं जास्त वाजले, तेवढं कबूल केलं पाहिजे.

तिकिटाचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं. वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं, आधी काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी काढलं तर डोळे पांढरे. इटलीत त्या रुळांवर दोघांच्या गाड्या पळतात, सरकारी फ्रेच्चारोसा आणि २०१२ पासून खासगी इतालो. दोघांत चढाओढ, आपला फायदा. साध्या गाडीचं, म्हणजे 'रेजोनाले'चं भाडं मात्र आज काढा, उद्या काढा, तेवढंच. ही आपली पॅसेंजर. खिडकीशी बसा, दर स्टेशनला थांबते, गाव दिसतं, गावची माणसं चढतात-उतरतात. मला विचाराल तर इटली बघायची ती या गाडीतून.

आता पास. "युरेल पास काढा, सगळीकडं फुकट!" असं एकजण म्हणाला. हा पास १९५९ पासून आहे आणि तेव्हापासून लोक 'सगळीकडं फुकट' हा गैरसमज बाळगून आहेत. इटलीतल्या वेगवान गाडीत पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे. इतालोत तर हा पास चालतच नाही. तीन गावं बघणाऱ्यानं पास घेणं म्हणजे महिन्यातून दोनदा मिसळ खाणाऱ्यानं मिसळीचा वार्षिक रतीब लावणं. स्वित्झर्लंडची गोष्ट निराळी. तिथला पास रेल्वे, बस, तलावातली बोट, गावातली ट्राम, सगळ्याला चालतो. तिथल्या गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटतात, १९८२ पासून वेळापत्रकच तसं बसवलंय. स्टेशनवरच्या घड्याळाचा लाल सेकंद काटा साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो आणि वर येऊन जरा थांबतो, मग मिनिट काटा टक्कन पुढं सरकतो. त्या दीड सेकंदाच्या उसंतीत अख्खा देश वेळेवर चालतो. युंगफ्राउच्या वरच्या टप्प्याला मात्र त्या पासवर नुसती सवलत आहे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मला शिव्या बसतील. जर्मनीत महिन्याचं एक तिकीट आहे, मे २०२३ मध्ये ४९ युरोला निघालं, मग वाढत गेलं. देशभरच्या साध्या गाड्या, बस, ट्राम, सगळं त्यात. पण ते वर्गणीसारखं असतं, रद्द करायला विसरलात तर तुम्ही पेठेत चहा पीत असताना तिकडं पैसे कापले जातात. आणि लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना मोफत. यावर गाड्यावरचा एकजण म्हणाला, "मग तिथंच जावा की!" बघायला काय आहे हे त्यानं विचारलं नाही.

माझा एक घाव सांगतो. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंच गेलो, रेल्वेनं. कागदी तिकीट काढलं, खिशात घातलं, बसलो. तपासनीस आला. तिकीट दाखवलं. त्यानं उलटसुलट केलं आणि म्हणाला, यावर ठसा कुठं आहे? फलाटावर एक लहानसं यंत्र असतं, गाडीत चढायच्या आधी तिकीट त्यात घालून तारीख-वेळ उठवायची असते. न उठवलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही. मी हात जोडले, बायकोनं देवळातली हळद-कुंकवाची पुडी पुढं केली, काही उपयोग नाही. माणशी ५० युरो. पूर्ण तिकीट काढून विनातिकीट ठरलेला मी पेठेतला एकमेव माणूस असेन. चूक माझी होती, पाटी लावलेली होती, इटालियनमध्ये आणि इंग्रजीतही. पण आपण पाट्या वाचणारी माणसं नव्हे.

संपाचंही सांगून ठेवतो. इटलीत रेल्वेचा संप हा सणासारखा येतो. त्याला 'शोपेरो' म्हणतात. पण कोल्हापूर बंदसारखा नाही, की सकाळी दहाला बिंदू चौकात घोषणा आणि सव्वादहाला शटर खाली. आधी तारीख जाहीर करतात. आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक साध्या गाड्या सोडाव्याच लागतात. संपाची वेळ ठरलेली, संपातली सवलतही ठरलेली. संपावर गेलेला माणूसही वेळापत्रक पाळतो म्हटल्यावर गाड्यावर सगळेच अस्वस्थ झाले.

"ते सगळं खरं," दाजी पहिल्यांदाच बोलले, "पण सामान?"

इथं सगळं येऊन अडतं. युरोपातल्या स्टेशनवर सहसा हमाल मिळत नाही. गाडीच्या पायऱ्या आपण चढायच्या, बॅग आपण चढवायची, आत वरच्या फळीवर आपणच टाकायची. वहिनींनी, म्हणजे दाजींच्या पत्नीनं, चार बॅगा काढून ठेवल्यात. एकीत नुसती कांदा-लसूण चटणी, लाडू, चिवडा, आणि प्रवासात लागेल म्हणून स्टीलची परात. परात कशाला, हे विचारायचं धाडस दाजींना झालं नाही, मला तर नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की वाहन कुठलं हे बॅग ठरवते, आपण ठरवत नाही. दोन हातांत दोन बॅगा घेऊन तिकटीपासून महाद्वारापर्यंत चालून बघा. धापा न टाकता पोचलात तर रेल्वे. वाटेत बसलात तर टूर. पहिल्याच चौकात रिक्षा केलीत तर पेठेतच बरे.

आणि चप्पल. दाजी नवी करकर वाजणारी कोल्हापुरी घालून जाणार म्हणतात. घालू नका. तिथले रस्ते दगडी फरसबंदीचे, दिवसाला दहा-बारा किलोमीटर पायपीट होते. शिवाय आपली चप्पल आपल्या आधी पोचलीय. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये ती रॅम्पवर चालली, कोल्हापूरचं नावसुद्धा न सांगता. मग इकडं बोंब झाली आणि त्यांची माणसं कोल्हापुरात चप्पल बघायला आली. तिला व्हिसाही लागला नाही, ठसाही नाही, दंडही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इटलीत जायचं तर फ्लोरेन्सला जायचं, आणि फ्लोरेन्सला जायचं ते कोल्हापूरच्या माणसाला भेटायला.

१८७० साली आमचे छत्रपती राजाराम महाराज युरोपला गेले. वय २०. कोल्हापुरात तेव्हा रेल्वे नव्हती, मिरजेहून ती आली १८९१ साली. म्हणजे रेल्वेचं तोंड बघायलाच आधी रस्त्यानं किती मजल मारावी लागली असेल ते बघा. समुद्र ओलांडला, लंडन बघितलं, पार्लमेंट बघितलं, व्हिक्टोरिया राणीला भेटले, दादाभाई नौरोजींना भेटले, स्कॉटलंड-आयर्लंड हिंडले. आणि रोज रात्री इंग्रजीत रोजनिशी लिहिली, जी पुढं कॅप्टन वेस्ट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं संपादित केली आणि १८७२ साली लंडनला छापून आली. विशीतला पोरगा रोज बसून लिहितो. आम्ही ३४५४ मीटरवरून एक व्हिडिओ पाठवला, तोही आडवा पाठवायचा उभा पाठवला.

परतीच्या वेळी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, पॅरिसला वेढा पडलेला. मंडळी बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया करत आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. ब्रेनर खिंडीतून रेल्वे तीनच वर्षांपूर्वी, १८६७ साली, सुरू झाली होती. १३७१ मीटर उंचीची खिंड. जरा थांबा, इथं एक कंस टाकतो : आल्प्सच्या डोक्यावरून गाडी १८६७ साली गेली, आणि सह्याद्री उतरून कोकणात जाणारी आपली कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे अजून कागदावरून खाली उतरलेली नाही. कंस संपला.

महाराज वाटेतच आजारले. ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये वारले. तेव्हा ते शहर इटलीची राजधानी होतं. दहनाची परवानगी मिळवावी लागली. मग रात्री, आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर, आपल्या रिवाजानं दहन झालं. नेमका संगम. तिथं पुढं १८७४ साली छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा अर्धपुतळा, डोक्याला मंदिल. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्यानं आमचा नवा राजवाडा आखला त्याचाच. पुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा. आज त्या जागेला फ्लोरेन्सकर 'इंदियानो' म्हणतात, आणि शेजारून आर्नोवर जो मोठा पूल गेलाय त्याचं नावही 'इंदियानो'चा पूल. एका परक्या शहरानं आपला पूल कोल्हापूरच्या राजाच्या नावानं ओळखावा, आणि आमच्या टूरच्या बसनं त्याच शहरात आम्हाला चामड्याच्या पाकिटांच्या दुकानात पाऊण तास उभं करावं. ड्रायव्हरची विश्रांती चालली होती ना.

ही छत्री कुठल्या बसच्या वाटेवर नाही. गाडीवाल्याला जवळ पार्किंग शोधत फिरावं लागेल. विमान तर नाहीच. तिथं पोचतो तो रेल्वेनं फ्लोरेन्सला उतरून पुढं पाय वापरणारा. एवढंच मी दाजींना सांगितलं, आणि दाजींनी तिथल्या तिथं चहाचे पैसे दिले. पेठेत एखादी गोष्ट पटल्याची याहून मोठी खूण नाही. वहिनींची परात उतरवण्याचं काम अजून बाकी आहे, ते त्यांचं त्यांनी बघावं.

तुम्हीही जाणार असाल तर लिहून घ्या. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनच्या बाहेर टी-वन ट्राम मिळते. ज्या बागेत जायचं तिचं स्पेलिंग बघून भलतंच काही म्हणू नका, उच्चार 'काशीने' असा आहे. संगमावर कोल्हापूरच्या राजाचं दहन झालं त्या बागेचं नाव काशीने, हे कुणी ठरवून केलेलं नाही. थांब्याचं नावही तेच. तिथं उतरायचं, आर्नो डाव्या हाताला ठेवायची आणि बागेतून सरळ चालत राहायचं. तीन किलोमीटर धरा, चढ नाही, सावली आहे. बाग संपते तिथं छत्री. संगमावर पंचगंगेचं पाणी वाहायचं मनात असेल तर १०० मिलिलिटरची बाटली घ्या, त्याहून मोठी हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतात.